ऐंशी हजारांचा गेमिंग पीसी: नाशिकमध्ये पार्ट निवडताना

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बजेट किती, दादा?" त्याचं उत्तर लगेच देऊ नका. आकडा ऐकला की तयार कोटेशन समोर येतं, आणि त्यात दुकानात पडून असलेला माल आधी बसलेला असतो. दुकानदार फसवतोच असं नाही. तुम्ही कोणते गेम खेळणार, घरात लाईटची काय अवस्था आहे, पीसी किती वर्षं चालवायचाय, हे त्याला कुठून माहीत असणार? ते आधी तुमचं तुम्हाला पक्कं ठाऊक हवं.

पहिल्यांदाच पीसी असेंबल करून घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बजेट धरलंय ७० ते ९० हजार, मॉनिटर, कीबोर्ड, माउस सोडून. सगळीकडे एकच नियम लावलाय: जो पार्ट पुढे सहज वाढवता किंवा बदलता येतो, त्यात आज हात आखडता घ्या. जो बदलायला अख्खा पीसी सोडवावा लागतो, त्यात आज चिकटपणा करू नका.

१. आधी स्क्रीन आणि गेम ठरवा

फुल एचडी, म्हणजे १०८०पी स्क्रीनवर साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात. १४४०पी वर ३६ लाख ८६ हजार आणि फोर-केवर जवळजवळ ८३ लाख. ग्राफिक कार्डाला हे सगळे ठिपके दर सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा रंगवायचे असतात. १०८०पी वरून १४४०पी वर गेलात की काम पावणेदोन पट वाढतं. म्हणून मॉनिटर शेवटी "उरलेल्या पैशांत" घेणं ही उलटी वाट आहे. या बजेटला २४ इंची १०८०पी किंवा जरा ताणून २७ इंची १४४०पी, आयपीएस पॅनल, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा जास्त, एवढं ठरवा. फोर-केचा नाद सोडा.

मग कागदावर खरोखर खेळणार ते चार-पाच गेम लिहा. व्हॅलोरंट, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) यांसारख्या गेमना कार्डापेक्षा प्रोसेसर महत्त्वाचा, कारण तिथे दोनशे-तीनशे एफपीएसची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) हाव असते आणि चित्र साधं असतं. सायबरपंक २०७७ सारख्या गेमचा सगळा भार कार्डावर. यादीत फक्त व्हॅलोरंट असेल तर कार्ड एक पायरी खाली आणा आणि ते पैसे चांगल्या मॉनिटरमध्ये घाला. उलट, नवे मोठे गेम हवे असतील तर हे ध्यानात ठेवा: इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावली खऱ्यासारखी दाखवण्याची) सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणजे मित्राकडून स्वस्तात मिळणारं, ही सोय नसलेलं एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स कार्ड तिथे बाद.

२. ग्राफिक कार्ड

ऐंशी हजारांतले तीस ते पस्तीस हजार इथे जाऊ द्यात. कार्ड कमी पडलं तर बाकी कितीही भारी बसवा, एफपीएस वाढणार नाहीत.

सध्या या पट्ट्यात पाहावीत अशी कार्डं म्हणजे एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आणि इंटेलचं आर्क बी५८०. खरा घोळ मेमरीचा आहे. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी मेमरी येते. आर्क बी५८० मध्ये १२. आरएक्स ९०६० एक्सटी मात्र ८ आणि १६ अशा दोन रूपांत मिळतं, आणि खोक्यावरचं नाव दोन्हींचं तेच! कोटेशनवर नुसतं "९०६० एक्सटी" लिहिलं असेल तर शेजारी किती जीबी ते लिहून घ्याच. आरटीएक्स ५०६० टीआयचीही हीच गोष्ट.

१०८०पी वर ८ जीबी आज चालतात, पण टेक्स्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा) सगळ्यात वर ठेवलं की काही नवे गेम अडखळायला लागतात: सरासरी एफपीएस चांगले दिसतात आणि मध्येच झटका बसतो. कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे वरच्या नियमाने माझा कल १६ जीबीकडे. दोन-चार हजार कमी पडत असतील तर ते कॅबिनेटच्या दिव्यांतून काढा.

एनव्हिडियाच्या बाजूने दोन गोष्टी बोलतात. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं तंत्र, बहुतेक मोठ्या गेममध्ये मिळतं. आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासात मशीन लर्निंग किंवा ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचा प्रोग्रॅम) वापरायचं असेल तर कुडा ही कार्डावर हिशोब करण्याची सोय कामाला येते, ती फक्त त्यांच्याच कार्डांवर. एएमडीचं तसंच तंत्र एफएसआर ४ हे ९००० मालिकेपासून बरंच सुधारलंय, त्यामुळे निव्वळ खेळणाऱ्याने एएमडीला नाक मुरडायचं कारण उरलेलं नाही. बी५८० किमतीच्या मानाने चांगलं आहे, पण बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार हा पर्याय चालू असायलाच हवा, आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं. जुन्या पीसीत नुसतं कार्ड घालायचा विचार असेल तर ते घेऊ नका.

तीन पंख्यांचं आणि दोन पंख्यांचं कार्ड यात चिप तीच असते. तिसऱ्या पंख्याने आवाज थोडा कमी होतो, एफपीएस वाढत नाहीत. या वर्गातली कार्डं साधारण दीडशे ते एकशे नव्वद वॉट खातात, त्यांना दोन पंखे पुरतात.

सेकंड हँडबद्दल एवढंच: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि तेव्हा सुटलेली कार्डं अजून बाजारात फिरतात. घ्यायचंच तर चालू पीसीत अर्धा तास गेम चालवून बघा आणि जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये नाव, मेमरी तपासा. आरएक्स ५८० च्या नावाखाली कमी कोअरचं २०४८एसपी खपवणं हा जुना धंदा आहे.

३. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ही जोडी

घरच्यांना एकच प्रश्न माहीत असतो, "आय ७ आहे ना?" त्यांना शांतपणे सांगा की २०१७ च्या आय७ ७७०० मध्ये चार कोअर होते आणि २०२२ च्या आय५ १२४०० मध्ये सहा आहेत. आकडा पिढीसकट वाचायचा: ७७०० म्हणजे सातवी पिढी, १२४०० म्हणजे बारावी. पंचवीस-तीस हजारांत "आय ७ गेमिंग पीसी" म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर असतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर घेत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतं. म्हणजे घरी आणलेला "आय ७" ज्या गेमसाठी घेतला तोच गेम नाकारू शकतो.

या बजेटला माझी पहिली पसंती रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, खोक्यात पंखा मिळतो. शिवाय त्यात छोटं ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे कार्ड वॉरंटीला गेलं तरी पीसी बंद पडत नाही, अभ्यास चालू राहतो. मुख्य कारण सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं आहे. याच्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. तीन वर्षांनी प्रोसेसर तेवढा काढून नवा बसवता येईल, बोर्ड, रॅम तेच.

इंटेलचा आय५ १२४००एफ स्वस्त आणि दणकट आहे, पण त्याच्या एलजीए १७०० सॉकेटची वाट चौदाव्या पिढीपाशी संपते. नावातला "एफ" म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड हाताशी आल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, हे "कार्ड दिवाळीत घेऊ" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बजेट फारच आवळलेलं असेल किंवा घरात आधीच्या पिढीची डीडीआर४ रॅम पडून असेल तर १२४००एफ किंवा जुन्या एएम४ सॉकेटवरचा रायझन ५ ५६०० घ्यायला हरकत नाही. पाच वर्षांचा विचार असेल तर नको.

बोर्डात रायझनसाठी बी६५० किंवा बी८५०, इंटेलसाठी बी७६०. एच६१० बोर्ड घेतला तर रॅमचे दोनच स्लॉट मिळतात आणि रॅम वाढीव वेगाने चालवता येत नाही. एवढं बघा: एम.२ चे (एसएसडी बसवायचे) दोन स्लॉट, प्रोसेसरभोवतीच्या पॉवर सर्किटवर हीटसिंक, आणि राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर वायफाय.

एएम५ आणि इंटेल दोन्हींत नाजूक पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. खोका काउंटरवरच उघडा, सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण उचलून तिरक्या उजेडात पिनांच्या रांगा सरळ आहेत का ते बघा, मोबाइलने फोटो काढा. वाकलेली पिन घेऊन दुसऱ्या दिवशी गेलात तर कोणीही तुमच्याकडेच बोट दाखवेल.

४. रॅम आणि एसएसडी

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे हे झालं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. एसएसडीलाही त्याची झळ लागली. त्यामुळे गेल्या वर्षीच्या व्हिडिओतले आकडे धरून बजेट मांडू नका, खरेदीच्या दिवशीचा भाव विचारा.

गेमिंगला १६ जीबी किमान, ३२ आरामाचं. एरवी मी दोन काड्यांचा सेट सांगतो, कारण दोन काड्यांनी मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. पण भाव असे असताना डीडीआर५ ची एकच १६ ची काडी घेऊन भाव उतरल्यावर तशीच दुसरी लावणं हा शहाणा मार्ग वाटतो. तोवर थोडे एफपीएस जातील. आठ-आठच्या दोन घेतल्या तर पुढे चार काड्या होतात आणि एएम५ वर चार काड्या पूर्ण वेगाने क्वचितच चालतात. वेग ६००० घ्या. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग), इंटेलवर एक्सएमपी, चालू केल्याशिवाय तीच रॅम ४८०० वगैरेवर रेंगाळत राहते. दुकानात असेंबल करून घेतलेल्या पीसीतही हे बऱ्याचदा राहून गेलेलं असतं.

एसएसडी एनव्हीएमई, जेन ४, टीएलसी प्रकारची. जेन ५ च्या जास्त पैशांनी गेममध्ये फरक जाणवत नाही. एक टीबी उत्तम. नाही जमलं तर ५०० जीबी घ्या, दुसरा एम.२ स्लॉट आहेच.

५. एसएमपीएस, लाईट आणि अर्थिंग

कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कापला जातो तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. "कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा फ्री" असं कोणी म्हणालं तर तो तिथेच ठेवा.

हिशोब करून बघा. कार्ड दीडशे ते एकशे नव्वद, ६५ वॉटचा रायझन जोर लावतो तेव्हा ८८, बाकी सगळं पन्नास-साठ. साडेतीनशेच्या आतच बसतं. मग ५५० किंवा ६५० वॉटचा कशाला? कारण कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतं, एसएमपीएस अर्ध्या भारावर सगळ्यात सुखात चालतो आणि पुढचं कार्ड मोठं असू शकतं. चांगला एसएमपीएस दोन-तीन पीसी पाहतो.

लेबल वाचायला शिका. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात, त्यांना बाराने गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॉट, म्हणजे ६५० चा दावा खरा. फुकटातल्या "५०० वॉट" वर १२ व्होल्टला जेमतेम वीस-बावीस अँपिअर सापडतात, म्हणजे अडीचशे वॉट. ८० प्लस (वीज कमी वाया जाण्याचा दाखला) ब्राँझ किंवा गोल्ड, पाच वर्षं वॉरंटी, आणि ओव्हर करंट, शॉर्ट सर्किट अशी संरक्षणं स्पष्ट लिहिलेली असावीत.

आता घरातली वायरिंग. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि पंचवटीतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक एसएमपीएसला शिव्या देतात. वास्तविक एसएमपीएसच्या आत येणाऱ्या विजेचा कचरा गाळायला छोटे कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर तो बारीक करंट पत्र्यावर येऊन थांबतो. नवा एसएमपीएस आणून हे जात नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजायला सांगा. फेज-न्यूट्रलइतकंच, २३० च्या आसपास आलं तर अर्थिंग बहुधा ठीक आहे. हे काम पीसी घरी येण्याआधी करा.

यूपीएस घेताना व्हीएचा आकडा वॉट समजू नका. साधारण ०.६ ने गुणायचं. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट, त्यात मॉनिटरही आला. गेम चालू असताना लाईट गेली की असा यूपीएस किंचाळून स्वतःच बसतो. १००० किंवा ११०० व्हीए घ्या, तोही खेळत राहायला नव्हे, सेव्ह करून नीट बंद करायला. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का बघा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा.

मे अखेरीस वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग उपटा, आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. वीज पडल्यावर बोर्ड जातो तो पुष्कळदा त्या वायरीतून.

६. कॅबिनेट आणि गारवा

पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, दोन पंखे आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. पुढून बंद काच आणि आत रंगीत दिवे, हे फोटोला छान दिसतं.

कूलर हवेपेक्षा गार काही करू शकत नाही. डिसेंबरात खोली १८ अंशांवर असताना कार्ड ६५ दाखवत असेल, तर एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि खोली ३६ वर जाते तेव्हा तेच कार्ड ८३ च्या घरात जाईल. थंडीत घेतलेल्या पीसीवर "टेम्परेचर मस्त आहे" म्हणून खूश होऊ नका. लिक्विड कूलरची मात्र गरज नाही. ७६०० सोबतचा पंखा चालतो, फक्त उन्हाळ्यात आवाज करतो. तो खटकला तर हजार-दोन हजारांचा टॉवर कूलर पुढे कधीही बसेल.

धूळ हा इथला कायमचा प्रश्न, आणि सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी त्यात भर घातलीये. पुढच्या जाळीला काढून धुता येणारा फिल्टर हवा. कॅबिनेट फरशीवर ठेवू नका, टेबलावर किंवा छोट्या स्टूलवर ठेवा. केर काढताना उडणारं सगळं खालून आत जातं.

७. कुठून घ्यायचं

कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, एम.जी. रोड या भागांतल्या तीन दुकानांतून एकाच यादीचं कोटेशन घ्या. यादी तुमची, पूर्ण मॉडेल नंबरसकट. "सेमच आहे हा" म्हणून बदललेला प्रत्येक पार्ट घरी येऊन तपासा आणि मगच होकार द्या. जीएसटी १८ टक्के धरूनच भाव विचारा, नाहीतर शेवटी "बिल हवं असेल तर जास्त होतील" ऐकावं लागतं. पक्कं बिल नसेल तर वॉरंटी विसरा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात निवड जास्त आणि भाव थोडे उतरलेले असतात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, संध्याकाळच्या पंचवटीने परत, असा एका दिवसाचा कार्यक्रम होतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. तिथून प्रोसेसर, रॅम, एसएसडी, फार तर कार्ड आणा, सॅकमध्ये मावतं. कॅबिनेट, मॉनिटर, एसएमपीएस नाशिकमध्येच घ्या. गर्दीच्या डब्यात कॅबिनेटचा खोका घेऊन उभं राहण्याची हौस एकदाच टिकते. शिवाय प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च धरला तर दोन हजारांच्या फरकासाठी मुंबईला जाण्यात अर्थ नाही, पाचच्या पुढे असेल तर विचार करा. ऑनलाईन घेतलंत तर पाकीट फोडण्यापासूनचा सलग व्हिडिओ काढा.

प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर हवा. वॉरंटी दुकान देणार की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, आणि ते नाशिकमध्ये आहे की पार्ट मुंबईला जाणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

८. पहिला आठवडा

मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाच्या पोर्टला लावा, वरच्या मदरबोर्डाच्या नव्हे. ७६०० मध्ये आतलं ग्राफिक्स असल्यामुळे चुकीच्या जागीही चित्र येतं आणि "नवीन पीसी स्लो आहे" अशी तक्रार सुरू होते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ किंवा १८० हर्ट्झ निवडा, ते आपोआप बसेलच असं नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये रॅमचा वेग बघा. तिथे अर्धा आकडा दिसतो, म्हणजे ६००० ची रॅम ३००० दाखवते, ते बरोबर आहे.

मग सगळ्यात जड गेम दोन तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसणारं तापमान लिहून ठेवा. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, एकही एरर आली तर रॅम बदलून मागा. हे सगळं पहिल्या आठवड्यातच करा, कारण दुकानातून थेट बदलून मिळण्याची मुदत बहुधा तेवढीच असते. त्यानंतर पार्ट सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातो. खोके आणि आतलं थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाका. कार्ड कुरिअरने पाठवायची वेळ आली तर त्यासारखं दुसरं पॅकिंग मिळत नाही.